आज्ञापालन, पश्चात्ताप आणि आशीर्वाद (ख्रिस्ती जीवन)

आज्ञापालन, पश्चात्ताप आणि आशीर्वाद हे तीन शब्द ख्रिस्ती जीवनात जवळजवळ कायम एकत्रच ऐकू येतात, प्रवचनात, प्रार्थनेत, घरातल्या बोलण्यात सुद्धा. देवाचं ऐकून तसं वागणं म्हणजे आज्ञापालन, ऐकलं नाही हे कबूल करून परत त्याच्याकडे वळणं म्हणजे पश्चात्ताप, आणि देवाची कृपादृष्टी, त्याची सोबत, त्याने दिलेलं भरलेलं जीवन म्हणजे आशीर्वाद. व्याख्या सोप्या आहेत, पण या तिघांचा क्रम कसा लावायचा इथे बऱ्याच विश्वासणाऱ्यांचा गोंधळ होतो, आणि एकदा गोंधळ झाला की सगळा विश्वास उधारीच्या वहीसारखा होऊन बसतो, मी एवढं केलं, आता देवाने एवढं द्यायला पाहिजे.

या विषयावर खूप वाचला जाणारा शास्त्रभाग म्हणजे जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 28वा अध्याय. एकूण 68 वचनं (म्हणजे क्रमांक दिलेल्या ओळी) आहेत, त्यातली पहिली 14 आशीर्वादाची आणि बाकी सगळी शापाची, आणि अट अगदी उघड सांगितलेली आहे, परमेश्वराचं ऐकाल तर हे, नाही ऐकाल तर ते. तिथला आशीर्वाद हवेतला नाहीये, पोटचं फळ, जमिनीचं पीक, गुराढोरांची वाढ, वेळेवर पाऊस, अगदी टोपली आणि कणीक मळायचं भांडं सुद्धा त्यात आलंय. आता हा अध्याय सुटा वाचला तर देव म्हणजे फक्त बक्षीस आणि शिक्षा वाटणारा वाटेल. पण हे ज्या इस्राएल लोकांना सांगितलं ते आधीच मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटलेले होते. निर्गमच्या 20व्या अध्यायात दहा आज्ञा सुरू होतात त्या "हे करू नका" ने नाही, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं, या वाक्याने सुरू होतात. म्हणजे सुटका आधी, आज्ञा नंतर. इस्राएलने आज्ञा पाळल्या म्हणून समुद्र दुभंगला असं बायबल कुठेच म्हणत नाही, आणि माझ्या मते हा एक क्रम नीट कळला की बाकीचं बरंच आपोआप जागेवर येतं.

आज्ञापालन आणि पश्चात्ताप यातला संबंध बघायचा तर शौल आणि दावीद या दोन राजांना शेजारी शेजारी ठेवून बघावं. 1 शमुवेल 15 मध्ये शौलाला शमुवेल संदेष्ट्याकडून शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं सगळं नष्ट करायची देवाची आज्ञा मिळते (ती आज्ञा आज वाचताना जड जाते आणि तिच्यावर फार मोठी चर्चा आहे, ती इथे नको), तर शौल त्यांच्या अगाग राजाला जिवंत ठेवतो, चांगली चांगली मेंढरं आणि बैल राखतो आणि शमुवेल भेटल्यावर वर तोंड करून सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग हा मेंढरांचा आवाज काय येतोय माझ्या कानावर? शौल म्हणतो लोकांनी राखली, आणि ती पण यज्ञासाठी. तिथेच शमुवेलचं ते वाक्य येतं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. यानंतर शौल "मी पाप केलंय" असं म्हणतो, एकदा नाही दोनदा, पण दुसऱ्यांदा म्हणताना लगेच पुढे जोडतो की माझ्या लोकांच्या वडिलांसमोर माझा मान ठेव. त्याला पापाचं वाईट वाटलं असेल नसेल, इभ्रत जाण्याचं मात्र नक्की वाटलं.

दावीदाचं पाप शौलापेक्षा लहान होतं असं कोणी म्हणूच शकत नाही. बथशेबाशी व्यभिचार, आणि ते झाकायला तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, लढाईत घडवून आणलेला मृत्यू. नाथान संदेष्टा येऊन एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो, दावीद ऐकून भडकतो, आणि नाथान म्हणतो तो माणूस तूच आहेस. त्यावर दावीद इतकंच म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलंय. कारण देत नाही, दुसऱ्यावर ढकलत नाही, मान राख असं म्हणत नाही. क्षमा त्याच वचनात मिळते. पण बथशेबापासून झालेलं मूल गेलं, घरातली भांडणं आणि तलवार पुढे आयुष्यभर सुटली नाही. क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले गेले असं नसतं, आणि उलट परिणाम भोगतोय म्हणजे देवाने क्षमा केलीच नाही असंही नसतं, हे दोन्ही या एका प्रसंगातून शिकायला मिळतं. स्तोत्र 51 याच घटनेशी जोडलेलं आहे आणि पापकबुलीची प्रार्थना म्हणून आजही जगभर म्हटलं जातं.

नव्या करारात हाच फरक पेत्र आणि यहूदा इस्कर्योत या येशूच्या दोन शिष्यांमध्ये दिसतो. दोघांनीही येशूच्या अटकेच्या रात्री त्याला दगा दिला, यहूदाने त्याला पैशासाठी पकडून दिलं, पेत्राने आपण त्याला ओळखतच नाही असं म्हटलं, दोघांनाही नंतर पस्तावा झाला, यहूदाने तर 30 चांदीची नाणी परत नेऊन दिली आणि मी निर्दोष रक्ताचा विश्वासघात केला असं कबूल पण केलं. पण तो येशूकडे परतला नाही, निराशेत जीव दिला. पेत्र ढसाढसा रडला आणि थांबला, आणि योहान 21 मध्ये जितक्या वेळा नाकारलं होतं तितक्याच वेळा, म्हणजे 3 वेळा, येशूने त्याला विचारलं की तू माझ्यावर प्रेम करतोस का. प्रेषित पौल 2 करिंथ 7:10 मध्ये लिहितो की देवाला आवडणारं दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. तेव्हा स्वतःला सतत कोसत राहणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे जे लोक वर्षानुवर्षं अपराधीपणा घेऊन जगतात त्यांना कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

पश्चात्तापाला फळ पाहिजे असं बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने सांगितलं, आणि लोकांनी विचारलं आम्ही काय करू, तर त्याने एकदम साधी उत्तरं दिली (लूक 3): दोन अंगरखे असतील तर एक दे, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला धमकावून पैसे काढू नयेत. जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायचं ठरवलं. पण बघा, जक्कय हे बोलला ते येशूने त्याच्या घरी उतरायचं ठरवल्यानंतर, आधी नाही. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतही बापाचा पैसा उडवलेला मुलगा परत येताना पूर्ण भाषण पाठ करून येतो, त्याचा शेवट असतो "मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा", आणि बाप त्याला त्या वाक्यापर्यंत पोचूच देत नाही, मध्येच झगा, अंगठी, जोडे मागवतो. उलट मोठा मुलगा, ज्याने एवढी वर्षं चाकरी केली आणि एकही आज्ञा मोडली नाही असं तो स्वतःच सांगतो, तो मेजवानीच्या बाहेर रागावून उभा. आज्ञापालन होतं, पण ते मजुरीच्या भावनेने होतं.

ख्रिस्ती आज्ञापालनाचा पाया खुद्द येशूचं आज्ञापालन आहे. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत तो हा दुःखाचा प्याला टळो अशी विनंती करतो आणि मग पित्याच्या इच्छेला हो म्हणतो. फिलिप्पै 2:8 म्हणतं तो मरणापर्यंत, वधस्तंभावरच्या मरणापर्यंत आज्ञाधारक झाला. म्हणून आज्ञा पाळणं सोपं वाटलं पाहिजे असं नाही, रडत रडत पाळलेली आज्ञाही आज्ञापालनच. आणि हे आज्ञापालन देवाच्या आज्ञांचं, माणसाच्या नव्हे. कुठला पुढारी आपल्या शब्दाला देवाचा शब्द म्हणून लोकांना दाबत असेल तर प्रेषितांची कृत्ये 5:29 आहे, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

इफिस 2:8-10 मध्ये कृपेने तारण आणि चांगल्या कामांसाठी निर्मिती ही दोन्ही लागोपाठ येतात, तरी कामांची जागा कुठे यावरून चर्चमध्ये शतकानुशतकं वाद झाले. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ (मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या चर्चचा संघ) यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आणि चांगली कामं त्यातून येतात. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मुख्य गोष्टीवर एकमत झालं.

आता आशीर्वाद. विसाव्या शतकात अमेरिकेतून पसरलेल्या समृद्धीच्या शिकवणीत विश्वास ठेवा, दान द्या, मग पैसा आणि तब्येत मिळेल असं सांगतात, आणि मलाखी 3:10 चा दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा, भाग पुढे करतात. यात सगळ्यात मोठं नुकसान आजारी आणि गरीब माणसाचं होतं, कारण त्याला वाटायला लागतं की माझ्यातच काहीतरी पाप आहे. जुन्या करारातल्या ईयोब या निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या माणसाच्या मित्रांनी त्याला हेच ऐकवलं होतं, आणि देव शेवटी त्या मित्रांवरच रागावला. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच नाही म्हटलं (लूक 13), जन्मांध माणसाबद्दलही तेच. डोंगरावरच्या प्रवचनात तर धन्य कोण, शोक करणारे, सौम्य, छळ सोसणारे. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला होणारा कुठलासा त्रास, काढ म्हणून देवाला 3 वेळा विनंती केली, काटा राहिला, माझी कृपा तुला पुरेशी आहे हे उत्तर मिळालं. देव पोटापाण्याचं देतच नाही असा याचा अर्थ नाही, रोजची भाकर आपण त्याच्याकडेच मागतो. आणि अब्राहामाला दिलेला आशीर्वाद पण त्याच्यापुरता नव्हता, तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील असा होता.

चर्चमध्ये पश्चात्तापाच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूकडे पापकबुली सक्तीची केली, कॅथलिक चर्चमध्ये हा संस्कार आजही आहे. ईस्टरच्या आधीचा 40 दिवसांचा उपवासकाळ बऱ्याच चर्चमध्ये पाळतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने 1517 मध्ये मांडलेल्या 95 मुद्द्यांपैकी पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं संपूर्ण आयुष्य पश्चात्तापाचं असावं. प्रोटेस्टंट उपासनेत सगळे मिळून कबुली म्हणतात आणि मग क्षमेचं वचन ऐकवतात. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1738 मध्ये छोट्या गटांसाठी नियम लिहिले, त्यात आठवड्यातून एकदा भेटून, मागच्या भेटीनंतर कोणतं पाप झालं हे एकमेकांना सरळ विचारायचं ठरलं होतं, याकोब 5:16 मधल्या, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, या वचनावर ते नियम उभे होते.