इंजिनावरची आरशासारखी झळाळी आली कुठून?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे गॅरेज आणि जुन्या गाड्यांची हौस खान्देशाला नवी नाही. हल्ली ॲम्बेसेडर किंवा फियाटचं बॉनेट उघडलं की टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) आणि एअर फिल्टरचा डबा लख्ख चमकताना दिसतो. बहुतेक वेळा ते क्रोम, म्हणजे क्रोमियम धातूचा मुलामा नसतं, रंग असतो.

क्रोमियमचा शोध लावला फ्रान्सच्या वोकलँ यांनी, 1797 मध्ये. मोटारींवर मात्र ते 1920 च्या दशकात आलं, तेही बंपर, ग्रिल आणि दिव्यांच्या कड्यांवर. तांबं, निकल आणि सर्वांत वर मायक्रॉनहूनही पातळ क्रोम, असे त्याचे थर असतात. इंजिनाचे भाग चमकवायची आवड अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांची, म्हणजे जुन्या गाड्या फेरफार करून वेगवान बनवणाऱ्या हौशी लोकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पसरली.

नेहमीच्या प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवण्याच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं एक विषारी रूप असतं. ते कर्करोगकारक आहे. विहिरींच्या पाण्यावर केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या पट्ट्यात असलं सांडपाणी जमिनीत मुरणं परवडणारं नाही. म्हणून निव्वळ हौसेसाठी रंगच बरा, असं माझं ठाम मत आहे.

रंगाची वाट वेगळी. जुन्या सिल्व्हर पेंटमध्ये ॲल्युमिनियमचे पापुद्रे वर तरंगून येत. चमक यायची, पण हात लावला की बोटं चंदेरी व्हायची. पुढे निर्वात पोकळीत प्लॅस्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियमची वाफ बसवून अतिपातळ, सपाट पापुद्रे काढता येऊ लागले. चकचकीत काळ्या बेसवर, म्हणजे रंगाच्या खालच्या थरावर, अशा पापुद्र्यांचा रंग पातळ हाताने मारला की प्रतिबिंब दिसतं. दुसरी पद्धत चांदीच्या फवाऱ्याची. तिचं मूळ जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या 1835 च्या प्रयोगात, म्हणजे आरशांना चांदी चढवण्याच्या रसायनात आहे.

या दोन्ही पद्धतींची अडचण एकच, उष्णता. टॅपेट कव्हरला रंग टिकतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला तप्त धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर जळतो. तिथे सिलिकॉन रेझिनचा, सुमारे 600 अंश सोसणारा ॲल्युमिनियम रंगच लावावा. तो आरशासारखा दिसत नाही आणि भट्टीत किंवा इंजिन हळूहळू तापवून पक्का करावा लागतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 च्या घरात जातो. तेव्हा भर दुपारी रंगाची स्प्रे गन धरली तर थिनर हवेतच उडतं आणि काळा बेस खरखरीत बसतो. तसल्या बेसवर कितीही महागडा क्रोम रंग मारा, तो राखाडीच दिसणार.