कॅलिफोर्नियात घर विकताय? एनएचडी शेवटपर्यंत ठेवू नका

घर विकायला काढलं की सगळे आधी रंगकाम आणि स्टेजिंगच्या (घर दाखवण्यासाठी सजवण्याच्या) मागे लागतात, आणि नॅचरल हॅझर्ड डिस्क्लोजर म्हणजे एनएचडी (घराच्या जागेला पूर, आग, भूकंप यांचा धोका आहे का हे खरेदीदाराला लेखी सांगणारा फॉर्म) एजंट बघेल म्हणून सोडून देतात. असं करू नका, फॉर्मवर सही तुमचीही असते.

कोणाला लागतं? १ ते ४ युनिटचं घर विकणाऱ्या जवळपास सगळ्यांना. ॲज-इज, म्हणजे आहे त्या स्थितीत, विकतोय म्हणून सुटका नाही, आणि खरेदीदाराने मला नको असं लिहून दिलं तरी कायद्यात ते चालत नाही. नवरा-बायकोतला किंवा सहमालकांमधला व्यवहार, कोर्टाची ऑर्डर, फोरक्लोजर (कर्ज थकल्यामुळे होणारी घराची विक्री) अशांना सूट आहे.

फॉर्मवर सहा गोष्टी विचारतात: फेमाचा (केंद्र सरकारच्या आपत्ती यंत्रणेचा) पूर झोन, धरण फुटलं तर पाणी येणारा भाग, आगीचा झोन, वणव्याचा जंगलपट्टा, भूकंपाचा फॉल्ट (जमिनीतली भेग) झोन, आणि सिस्मिक झोन म्हणजे दरड किंवा हादऱ्याने जमीन पातळ होण्याचा धोका. फ्रीमाँटमध्ये आपले खूप लोक आहेत आणि तिथे हेवर्ड फॉल्ट शहरातूनच जाते, तर त्या पट्ट्यात घर असेल तर 'येस' येणारच, पण त्याचा अर्थ फॉल्ट तुमच्या किचनखालून जाते असा नाही, झोन फॉल्टच्या आजूबाजूचा पट्टा धरून आखतात. नकाशावरून नक्की कळत नसेल तर फॉल्ट झोनला 'येस'च करायचं, 'नो' करायचं तर तसा तज्ज्ञाचा रिपोर्ट जोडायचा.

पत्ता आणि पार्सल नंबर (जागेचा सरकारी नोंदीतला क्रमांक) दिला की खासगी कंपन्या रिपोर्ट काढून देतात. त्यात चूक निघाली आणि तुम्हाला ती माहीत नव्हती तर तुमच्यावर येत नाही, पण माहीत असून गप्प बसलात तर रिपोर्ट वाचवणार नाही. जुना रिपोर्ट वापरू नका, आगीचे नकाशे २०२५ मध्ये बदललेत.

घर २०१० च्या आधीचं आणि आगीच्या हाय किंवा व्हेरी हाय झोनमध्ये असेल तर होम हार्डनिंगची (घर आगीपासून टिकावं म्हणून करायच्या बदलांची) नोटीस वेगळी द्यावी लागते, त्यात व्हेंटमधून (हवेच्या झरोक्यातून) ठिणग्या आत येऊ शकतात का अशा गोष्टी येतात, आणि या झोनमधल्या घराला, ते कधीही बांधलेलं असो, घराभोवतीचं गवत-झुडपं साफ असल्याचा कागदही लागतो, तो वेळेत नाही मिळाला तर खरेदीदाराने नंतर काढायचा असं लेखी ठरवता येतं.

आणि हो, एनएचडी ऑफर फायनल झाल्यावर दिलं तर खरेदीदाराला व्यवहार मोडायला हातात दिल्यापासून ३ दिवस आणि पोस्टाने पाठवल्यास ५ दिवस मिळतात, म्हणून लिस्टिंगच्या आधीच काढून ठेवा.