सोलर, जनरेटर आणि थ्री फेज: चेंजओव्हरच्या कोणत्या बाजूला काय?

लातूर-उदगीर भागातल्या डाळमिलवाल्यांकडून एक तक्रार नेहमी ऐकू येते. पत्र्यावर 10 किलोवॉटचं सोलर, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि महावितरणची लाइट गेली की सोलरही बंद. जनरेटर लावला की ते कधी चालतं, कधी पुन्हा-पुन्हा ट्रिप होतं. इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. लाइट गेल्यावर थांबणं हे त्याचं कामच आहे; पुन्हा-पुन्हा ट्रिप होतो तो चुकीच्या जागी जोडल्यामुळे.

ग्रिड-टाय इन्व्हर्टर, म्हणजे सोलरची वीज महावितरणच्या लाइनशी जुळवून देणारा, स्वतः व्होल्टेज उभं करत नाही. तारेवर 415 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ आधीच असतील, तरच तो त्यांच्याशी जुळवून आपला करंट आत ढकलतो. पुरवठा गेला की तो दोन सेकंदांच्या आत थांबतो, आणि ते थांबणं सक्तीचं आहे. नाहीतर तीच वीज डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढून 11,000 व्होल्ट होईल आणि वर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. जनरेटरला मात्र अशी अक्कल नसते. म्हणून चेंजओव्हरशिवाय (महावितरण किंवा जनरेटर, दोन्हींपैकी एकालाच लोडशी जोडणारा स्विच) बोर्डात थेट जनरेटर खुपसणं, लग्नाच्या मांडवात सर्रास दिसत असलं तरी, प्राणघातकच.

सगळ्यात साधी आणि खात्रीची मांडणी अशी: मीटर, मग मेन एमसीसीबी (मुख्य ब्रेकर), त्यानंतर सोलरचं टॅपिंग (सोलरची जोडणी), मग चेंजओव्हर आणि शेवटी डिस्ट्रिब्यूशन बोर्ड. जनरेटर येतो तो चेंजओव्हरच्या दुसऱ्या बाजूला. अशा जोडणीत सोलर आणि जनरेटर कधीच समोरासमोर येत नाहीत. लाइट नसताना दिवसाची सौर वीज वाया जाते, हे खरं. पण दिवसाकाठी तास-दीड तासच लाइट जात असेल, तर या नुकसानीपेक्षा पुढच्या भानगडीच महाग पडतात.

सोलर आणि जनरेटर एकत्र चालवल्यावरच्या या भानगडी कोणत्या, ते 25 केव्हीएच्या जनरेटरवर पाहू. 0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएमधला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) तो 20 किलोवॉट देतो, फेजमागे साधारण 35 अँपिअर. डिझेल इंजिन सतत 30 टक्क्यांच्या खाली, म्हणजे इथे 6 किलोवॉटच्या खाली, चालवू नये. दुपारी मिलचा लोड 10 किलोवॉट आहे आणि सोलर 8 देतंय, तर जनरेटरवर उरतात फक्त 2. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकू लागतं. त्यात धान्य वर चढवणारं एलिव्हेटर बंद करून लोड 6 वर आणला, की जादाची 2 किलोवॉट वीज जनरेटरमध्येच घुसते. महावितरणची लाइन ती सहज गिळते, जनरेटर नाही. त्याचा वेग आणि व्होल्टेज वाढतं, मग जे आधी ट्रिप होईल ते होतं.

फ्रिक्वेन्सीचा घोळ वेगळाच. मेकॅनिकल गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) जनरेटर भरलोडवर 50 हर्ट्झ देतो, पण रिकामा असताना 52 च्या आसपास पळतो. पुष्कळ इन्व्हर्टरची वरची मर्यादा 50.5 च्या आसपास लावलेली असते. सोलर सुरू झालं की जनरेटर हलका होतो, फ्रिक्वेन्सी चढते, इन्व्हर्टर लाइनपासून सुटतो. जनरेटर पुन्हा जड होतो, फ्रिक्वेन्सी उतरते, आणि इन्व्हर्टर काही वेळाने परत येतो. दिवसभर हाच खेळ.

लाइट रोज चार-पाच तास जात असेल, तर सोलर चेंजओव्हरच्या लोड बाजूला घेऊन डीजी-पीव्ही (डिझेल जनरेटर-सोलर) कंट्रोलर बसवावा. तो जनरेटरचा लोड मोजत राहतो आणि सोलरला तेवढ्यापुरता लगाम घालतो. वरच्या उदाहरणात 10 किलोवॉट लोडला सोलर 4 वरच रोखलं जाईल. सोबत इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर आणि रिव्हर्स पॉवर रिले (जनरेटरमध्ये उलटी वीज शिरली की तोडणारा) हवाच. इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या सीटी (तारेतला करंट मोजणारं कडं) बसवताना. सीटीवरच्या बाणाची दिशा उलटी झाली, किंवा आर फेजची सीटी वाय फेजवर गेली, तर कंट्रोलरला उलटं चित्र दिसतं आणि तो सोलर कमी करायचं तेव्हा वाढवतो. म्हणून आधी सोलर बंद ठेवून फक्त जनरेटरवर लोड टाकावा आणि तिन्ही फेजचं रीडिंग अधिक चिन्हाचं येतंय ना, ते पाहावं.

चेंजओव्हर फोर पोलच (तीन फेजसोबत न्यूट्रलही बदलणारा) घ्यावा. थ्री पोलमध्ये न्यूट्रल कायम जोडलेला राहतो, ईएलसीबी (करंट गळला की पडणारे ब्रेकर) विनाकारण पडतात आणि जनरेटरचा करंट महावितरणच्या न्यूट्रलवरून फिरतो. फोर पोलमध्ये न्यूट्रल फेजच्या आधी जोडला जावा आणि फेजनंतर सुटावा. तो ढिला राहिला, तर कमी लोडच्या फेजवर 230 ऐवजी 300-350 व्होल्ट येऊ शकतात, आणि पहिल्यांदा टीव्ही-फ्रिज जातात.

फेजचा क्रम चेंजओव्हरच्या दोन्ही इनपुटवर फेज सिक्वेन्स मीटरने तपासावा. जनरेटरकडचा उलटा निघाला, तर जनरेटरच्याच टर्मिनलवर कोणत्याही दोन तारा आपसांत बदलाव्यात. मोटारीकडे बदलल्या, तर लाइट आल्यावर तीच मोटार उलटी फिरेल. सबमर्सिबल उलटी फिरली तरी थोडं पाणी देतेच, त्यामुळे ‘बोअर आटला’ असा समज होतो.

विहीर-बोअरवरचे, लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारे ऑटो स्टार्टर जनरेटरवर जाताना ऑटोमधून काढून ठेवावेत. 5 एचपीची मोटार चालताना साधारण 8 अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना सहा-सात पट. अशा दोन मोटारी एकदम उठल्या, तर 25 केव्हीएचा जनरेटर गुदमरतो. स्टार-डेल्टा स्टार्टरने हा झटका जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. तरीही मोटारी एकामागून एकच सुरू कराव्यात.

अर्थिंगसाठी जनरेटरच्या न्यूट्रलला दोन आणि बॉडीला दोन असे स्वतंत्र खड्डे घ्यावेत. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपपासून सुटते, त्यामुळे पावसाळ्यात 2-3 ओहम दाखवणारं अर्थिंग मे महिन्यात कितीतरी वर जातं. मोजणी मेमध्येच करावी, आणि 5 ओहमच्या वर गेलं तर खड्ड्यात पाणी सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावं.