वल्ह्याची फळी, लाटेची फळी

दोन दिवाळ्यांपूर्वी गगनबावड्याचा घाट उतरून आम्ही सगळे देवबागला गेलो होतो. तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. एका अंगाला नदीचं सपाट पाणी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मेव्हण्यानं फोनवर 'सर्फिंग' म्हणून बुकिंग केलेलं. सकाळी एक पोरगा आम्हाला नदीकडं घेऊन गेला, अकरा फुटी फळ्या पाण्यात सोडल्या आणि प्रत्येकाच्या हातात लांब वल्हं दिलं. वीस मिनिटांत मेव्हणा फळीवर ताठ उभा. पुढं वर्षभर तालमीच्या कट्ट्यावर एकच विषय: "दाजी आणि मी सर्फिंग करून आलो. काय अवघड नाही रं."

पुढच्या वर्षी आंबोली उतरून उत्तर गोव्यात आश्व्याच्या किनाऱ्यावर गेलो आणि खरोखरचं सर्फिंग शिकायला उभे राहिलो, तेव्हा कळलं की आदल्या वर्षी केलं ते स्टँड-अप पॅडलबोर्डिंग होतं. दीड तासात मेव्हणा जेमतेम तीन वेळा उभा राहिला, तोही चार-पाच सेकंद. उरलेला वेळ नाकातोंडात खारं पाणी. पहिल्या खेपेला बुकिंग घेणाऱ्याचा तसा दोष नव्हता. आपणच चुकीचा शब्द वापरला होता, आणि त्या नदीत लाट नव्हतीच. नवख्या माणसाला त्यानं योग्य तेच दिलं.

फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, पाण्यावर फळी आणि फळीवर माणूस. म्हणून फोटो बघू नका, त्या माणसाला पुढं कोण नेतंय ते बघा. पॅडलबोर्डवर हात नेतात, सर्फबोर्डवर लाट नेते. फळीची रुंदी, पायांची ठेवण, कुठल्या वेळी जायचं, पोहायला किती यायला हवं, सगळं ह्या एका फरकातून येतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर काहील आठवा. गुऱ्हाळातली ती पसरट कढई महापुरात होडी म्हणून पाण्यात उतरते. तिला लाट नको, वारा नको. शांत पाण्यात वल्हवत न्यायची. नवशिका एकाच बाजूनं वल्हवत बसला की काहील जागच्या जागी गरगर फिरते. पॅडलबोर्ड त्याच कुळातला. उजवीकडं वल्हं मारलं की नाक डावीकडं वळतं, म्हणून चार-पाच वल्ह्यांनंतर बाजू बदलायची, आणि बदलताना हातही बदलायचे: वरचा खाली, खालचा वर. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांची फसगत इथंच होते.

आणि वल्हं धरण्यात. पॅडलबोर्डच्या वल्ह्याचं पातं दांड्याला सरळ जोडलेलं नसतं, थोडं वाकवलेलं असतं. आपण सगळे आयुष्यभर डाव-पळी धरलेली माणसं. पाणी ओढायचं म्हणजे खोलगट बाजू आपल्याकडं हवी, असं हाताला आपोआप वाटतं. खरं उलट आहे. पात्याचा कल पुढं, फळीच्या नाकाकडं हवा. तसा धरला की वल्हं पायाजवळ येईपर्यंत पातं पाण्यात उभं राहतं आणि जोर मागं ढकलण्यात जातो. उलटं धरलं की ते पाणी वर उचलतं आणि खांदे दुखायला लागतात. देवबागला आम्ही पाचजण होतो, पाचांनीही उलटं धरलेलं. वल्ह्याची उंची बघायची सोपी खूण म्हणजे ते शेजारी उभं करून हात वर ताणला की मूठ मनगटापाशी यावी.

आता फळ्या. शिकाऊ पॅडलबोर्ड दहा-अकरा फूट लांब आणि तीस ते चौतीस इंच रुंद असतो. बहुतेक ठिकाणी तो हवेचा असतो. पंपानं १२ ते १५ पीएसआय हवा भरतात, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण निम्मी. मग तो ट्यूबसारखा गोल का फुगत नाही? कारण वरचं आणि खालचं कापड आतून हजारो दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेलं असतं. हवा कितीही ताणू दे, दोरे दोन्ही थर सहा इंचांच्या पलीकडं जाऊ देत नाहीत. इचलकरंजीच्या माझ्या एका मित्राला हे सांगितलं तर त्याला खेळात काडीचा रस नाही, पण ते कापड कुठल्या मागावर विणतात हे तो अजून विचारतोय.

शिकाऊ सर्फबोर्ड आठ-नऊ फुटांचा, बावीस-तेवीस इंच रुंद, वरून मऊ फोमचा. मऊ कशासाठी, ते पहिल्यांदा डोक्यात बसला की कळतं. त्यावर नुसतं स्थिर उभं राहून बघा, जमणार नाही. पाणी थांबलेलं असेल तर ती फळी तुमच्या वजनाखाली डुगडुगते आणि कलंडते. वेग आला की तीच फळी घट्ट होते, सायकलसारखं. सायकल थांबवून तिच्यावर कुणी बसून राहत नाही.

उभं राहण्याची तऱ्हाही वेगळी. पॅडलबोर्डवर तोंड पुढं, दोन्ही पाय समांतर, खांद्याइतके फाकलेले, फळी उचलायला मधोमध मूठ असते तिच्या दोन्ही बाजूंना. आधी गुडघ्यावर बसायचं, वल्हवायचं, धीर आला की एकेक पाऊल टाकून उठायचं. घाई नाही, कुणी मागं लागलेलं नाही. आमच्या आईचं वय पासष्टच्या पुढं. ती उठलीच नाही. फळीच्या पुढच्या भागावर देवळात बसावं तशी मांडी घालून बसली, मी मागं उभा राहून वल्हवत होतो. तासभर ती खंड्या आणि बगळे मोजत होती. पॅडलबोर्डिंगचा हा मोठेपणा मला फार आवडतो. न उठताही तो खेळ पुरा होतो.

सर्फिंगमध्ये तसली मुभा नाही. तिथं पालथं झोपायचं, लाट शेपटाला लागली की दोन्ही तळवे छातीशी टेकवायचे आणि एका झटक्यात अंग उचलून पाय छातीखाली आणायचे. पाय आडवे पडतात, एक पुढं एक मागं. डावा पुढं असेल तर 'रेग्युलर', उजवा असेल तर 'गूफी'. कुठला पाय पुढं जातो ते कसं कळायचं? मागून कुणी अचानक ढकललं तर जो पाय आपसूक पुढं पडतो, तो. आमच्या शिक्षकानं मेव्हण्याला न सांगता ढकलला. मेव्हणा गूफी निघाला. हे नाव त्याला दिवसभर पुरलं.

हा उठण्याचा झटका आधी वाळूत शिकवतात, पंधरा-वीस मिनिटं. तालमीत जोर मारलेल्या माणसाला अर्धी कसरत ओळखीची वाटेल. हात टेकून अंग वर येतं तसंच, फक्त शेवटी पाय आत ओढायचे. पण जोर मारणारा गुडघा टेकत नाही, आणि नवखा सर्फर हमखास टेकतो. गुडघा टेकला की उठायला दोन टप्पे लागतात, आणि तोवर लाट निघून गेलेली असते. शिक्षक सारखं ओरडत होता, "नजर किनाऱ्याकडं, फळीकडं नाही!" खाली बघितलं की वजन पुढं जातं, नाक पाण्यात घुसतं आणि माणूस फळीवरून उलटा जातो. माझं हे चार वेळा झालं. (सकाळी दाबून मिसळ खाऊन फळीवर पालथं झोपू नका, एवढंच सांगतो.)

लाटेबद्दल जरा सविस्तर, कारण इथंच खरी गोम आहे. रंकाळ्यावर वारा सुटला की पाण्यावर लहरी उठतात, पण त्यांच्यावर सर्फिंग कधीच होणार नाही. लाट मोठी व्हायला वाऱ्याला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी मिळावं लागतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या काही लाटा तर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांत जन्मतात आणि हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. म्हणून इथं वारा पडलेला असतानाही समुद्र उसळू शकतो. केरळचे मच्छीमार ह्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा आलेला समुद्र. अशी लाट उथळ पाण्यात आली की तिचा पाया अडखळतो आणि माथा पुढं कोसळतो. ढोबळ हिशोब असा की तीन फुटांची लाट साधारण चार फूट पाण्यात फुटते. म्हणून नवख्यांचे धडे कमरेइतक्या पाण्यातच होतात. लाट आधीच फुटलेली असते, पांढरा फेस किनाऱ्याकडं धावत असतो, आणि शिक्षक त्या फेसाच्या पुढं तुमची फळी ढकलतो. फोटोतल्या हिरव्या भिंतीवरून घसरणं ही फार पुढची गोष्ट. पहिल्या सुट्टीत तिची आशा धरू नये.

आणि वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले, त्यांचा उपयोग इथं झाला. पहाटे जमिनीकडून समुद्राकडं मतलई वारा वाहतो. तो हलका असला तर लाटेचा चेहरा गुळगुळीत करतो, म्हणून सर्फरला प्यारा. तोच वारा उघड्या समुद्रावरच्या पॅडलबोर्डवाल्याला घातक ठरू शकतो. किनाऱ्याजवळ काही जाणवत नाही; उभं अंग मात्र शिडासारखं वारा धरतं आणि मागं वळून बघेपर्यंत किनारा लांब गेलेला असतो. अशा वेळी उभं राहून झुंजू नये. गुडघ्यावर यावं, नाहीतर पालथं पडून हातांनी वल्हवावं आणि फळी कदापि सोडू नये. दुपारी खारा वारा सुटला की समुद्र खडबडीत होतो आणि दोघांचाही खेळ बिघडतो. म्हणून दोन्ही धडे सकाळचे घ्या, आणि नवख्यानं पॅडलबोर्ड खाडीत, नदीत, आडोशाच्या पाण्यातच चालवावा. उत्तर गोव्यात शापोरा नदीचं मुख आणि मोरजीचा समुद्र शेजारी शेजारी आहेत, तशा जागी हा फरक डोळ्यांनी दिसतो.

"मग पॅडलबोर्ड घेऊनच लाटेवर गेलो तर?" मेव्हण्याचा प्रश्न. तसंही करतात, आणि तो वेगळा प्रकार आहे, पण नवख्यासाठी नाही. लाटेत सुटलेला अकरा फुटी पॅडलबोर्ड म्हणजे शर्यतीत दावं तोडून निघालेला बैल. पोहणाऱ्या पोरांत शिरला तर काय होईल, विचार करा.

गंमत म्हणजे पॅडलबोर्डिंग नक्की कुणाचं, हे भांडण जगाच्या पातळीवरही झालंय. सर्फिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं म्हणणं ते सर्फिंगचं पोर, कनू-कयाकवाल्यांचं म्हणणं वल्हं आलं म्हणजे आमचं. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि २०२० साली ऑलिंपिक पातळीवर हा खेळ सांभाळायचा मान सर्फिंग संघटनेला मिळाला. इतिहास बघितला तर तेही खोटं नाही. हवाईतल्या वायकिकीचे सर्फिंग शिक्षक विद्यार्थ्यांवर नजर ठेवायला मोठ्या फळीवर वल्हं घेऊन उभे राहायचे, आणि आजचा खेळ त्यातूनच वाढला. सर्फिंग टोकियो ऑलिंपिकपासून पदकाच्या यादीत आहे, पॅडलबोर्डिंग अजून बाहेर.

पोहण्याचं काय? विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना दोन्ही जमेल. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी शांत पाण्यात लाइफ जॅकेट घालून, शिक्षकासोबत पॅडलबोर्ड खुशाल करावा. सर्फिंगला मात्र तोंड पाण्याखाली गेलं की घाबरायचं नाही, एवढी तयारी पाहिजे, कारण तोंड जाणारच, पुन्हा पुन्हा. पायाला बांधलेली दोरी, जिला सगळे लीश म्हणतात, फळी तुमच्यापासून लांब जाऊ देत नाही, पण ती लाइफ जॅकेट नव्हे. आणि वाहत्या नदीत घोट्याची दोरी झुडपाला अडकली तर ओढीत हात तिथवर पोचत नाही. म्हणून तिथं कमरेला झटक्यात सुटणारी लीश लागते. पंचगंगेत पावसानंतर प्रयोग करायचं कुणाच्या डोक्यात असेल तर ते तिथंच मोडून टाका.

पडायचंही शिकवतात. पॅडलबोर्डवरून पडताना फळीपासून लांब, बाजूला. सर्फिंगमध्ये आडवं, पसरून पडायचं, सूर मारायचा नाही, कारण खाली कमरेइतकंच पाणी. वर येताना दोन्ही हात डोक्यावर, लीश ताणून परतणारी फळी कुठून येईल सांगता येत नाही. आणि चालत आत जाताना फळी तुमच्या आणि लाटेच्या मधे धरायची नाही, बाजूला धरायची. हे मी एकदाच विसरलो. फळीची कड बरगडीत बसली आणि घाट चढून कोल्हापूरला येईपर्यंत गाडीच्या प्रत्येक वळणाला ती आठवण करून देत होती.

दुसऱ्या दिवशीचं दुखणंही वेगवेगळं असतं. पॅडलबोर्डनं तळपाय आणि कुशी दुखतात, तेही गोड. सर्फिंगनं खांदे भरून येतात आणि फळीवर घासून पोट लाल होतं, म्हणून अंगाला घट्ट बसणारा सदरा, म्हणजे रॅश गार्ड, मागून घ्या, लाजू नका.

यंदा तीन दिवस हाताशी आहेत. पहिल्या सकाळी खाडीत पॅडलबोर्ड, आईसकट सगळे. दुसऱ्या सकाळी सर्फिंग, ज्यांच्या अंगात मस्ती आहे ते. तिसरी सकाळ मोकळी ठेवलीय, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेव्हण्याला जिना चढता येतो का, ते आधी बघायचंय.