रिपल्सिव्ह की रिपग्नंट?

इंग्रजीत तीव्र किळस सांगणारी विशेषणं पुष्कळ आहेत. त्यांतली दोन हमखास एकमेकांच्या जागी वापरली जातात: रिपल्सिव्ह आणि रिपग्नंट. दोन्हींचा उच्चार ‘रिप’नेच सुरू होतो, दोन्हींत जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि मराठीत दोन्हींसाठी पटकन ‘किळसवाणा’ हाच शब्द सुचतो. त्यामुळे एक शिकलं की दुसरंही आलं, असं वाटतं. तसं नाही. किळस येते कुठून, हे दोन्ही शब्द वेगवेगळं सांगतात.

रिपल्सिव्हच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘ढकलणं’ आहे आणि रिपग्नंटच्या मुळाशी ‘लढणं’. भांडखोर माणसाला इंग्रजीत पग्नेशस म्हणतात, तो रिपग्नंटचाच भाऊबंद. म्हणजे जे आपल्याला मागे रेटतं ते रिपल्सिव्ह, आणि ज्याच्याशी आपलं मन झगडतं, जे आपल्या तत्त्वांना छेद देतं, ते रिपग्नंट.

किळसेचा मागमूसही नसतो अशा ठिकाणी हे दोन शब्द पाहिले की फरक जास्त स्पष्ट दिसतो. भौतिकशास्त्रात दोन सजातीय विद्युतप्रभार एकमेकांना दूर सारतात, ते बल रिपल्सिव्ह. कूलोमने १७८५ मध्ये हे प्रतिकर्षण मोजलं. त्या प्रभारांबद्दल कुणाला शिसारी येत नाही. तिथे फक्त ढकलणं आहे. रिपग्नंट भेटतो तो कायद्यात. ब्रिटिश संसदेच्या १८६५ च्या कलोनियल लॉज व्हॅलिडिटी अ‍ॅक्टनुसार, वसाहतीतला कायदा तिथे लागू असलेल्या ब्रिटिश कायद्याशी रिपग्नंट ठरला तर तो तेवढ्यापुरता रद्द होई. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात अनुच्छेद २५४ मध्येही हाच शब्द आहे: समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्याचा कायदा संसदेच्या कायद्याशी रिपग्नंट असेल, तर सहसा संसदेचा कायदा टिकतो. इथे अर्थ ‘किळसवाणा’ असा घेतला तर वाक्याचा विचका होईल. अर्थ आहे ‘विसंगत, विरोधात जाणारा’.

रोजच्या वापरातही हीच रेघ उमटते. कुजलेल्या मांसाचा वास, तुंबलेलं गटार, पू वाहणारी जखम हे रिपल्सिव्ह. नाक आक्रसतं, पोटात ढवळतं, पाऊल आपोआप मागे येतं. विचार करायला वेळच मिळत नाही. याउलट वर्णद्वेष, छळाचं समर्थन, माणसांची खरेदी-विक्री हे रिपग्नंट. म्हणून ‘मॉरली रिपग्नंट’ ही जोडी इंग्रजीत इतकी रुळलेली आहे.

मला सर्वांत बोलकं वाटतं ते मूत्रपिंडाचं उदाहरण. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅल्विन रॉथ यांनी २००७ मध्ये एका लेखात असे व्यवहार तपासले, जे दोन्ही पक्षांना मान्य असले तरी इतरांना ते होऊच नयेत असं वाटतं. त्यासाठी त्यांनी शब्द निवडला तो ‘रिपग्नन्स’. कुणी जवळच्या माणसाला मूत्रपिंड दान केलं की आपण त्याचं कौतुक करतो. तेच विकलं की बहुतेक देशांत गुन्हा ठरतो. शस्त्रक्रिया तीच, रक्त तेच, अवयवही तोच. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच बदललेलं नाही. बदलला तो मधला पैसा. रिपल्सिव्ह म्हणायचं झालं, तर दोन्ही शस्त्रक्रियांना म्हणावं लागेल. रिपग्नंट मात्र दुसऱ्या व्यवहारालाच म्हणता येईल.

अडलं की डोळे मिटून, नाक दाबून पाहावं. त्रास थांबला तर शब्द रिपल्सिव्ह. तरीही ती गोष्ट मनात सलत राहिली तर रिपग्नंट.

अर्थात रेघ पक्की नाही. क्रूर विचारसरणीला रिपल्सिव्ह म्हटलेलं इंग्रजीत सर्रास सापडतं आणि ते चूकही नाही, कारण काही विचार ऐकून खरोखर मळमळतं. रिपग्नंट वास असाही प्रयोग अधूनमधून दिसतो, पण तो जरा अवजड वाटतो. आणि बोलताना डिस्गस्टिंग दोन्हीकडे चालून जातं. लिहिताना मात्र निवड जपून करावी, विशेषतः माणसांबद्दल लिहिताना. आजारी माणसाच्या जखमेला रिपग्नंट म्हटलं की नकळत त्याच्यावर दोषाची छाया पडते. जखमेत नीतीचा प्रश्नच नसतो. एखाद्या पुढाऱ्याला रिपल्सिव्ह म्हटलं तर वाचणाऱ्याला त्याचा चेहरामोहरा आठवेल आणि टीका दिसण्यावर घसरेल. त्याची भूमिका रिपग्नंट आहे असं लिहिलं की ती कोणत्या तत्त्वाविरुद्ध जाते हे सांगायची जबाबदारी आपल्यावर येते, आणि टीकेला वजन येतं ते त्यामुळेच.

वाक्यरचनेत रिपग्नंटनंतर ‘टू’ येतं: ‘द आयडिया इज रिपग्नंट टू मी’. ‘आय फाइंड इट रिपग्नंट’ हेही तितकंच रुळलेलं. रिपल्सिव्हबाबत एक चूक फार महागात पडते. ‘मला किळस आली’ म्हणायचं असताना ‘आय अ‍ॅम रिपल्सिव्ह’ म्हटलं, तर अर्थ होतो ‘मी किळसवाणा आहे’. तिथे ‘आय वॉज रिपल्स्ड’ किंवा साधं ‘आय वॉज डिस्गस्टेड’ म्हणावं. रिपग्नंटला असं ‘-एड’चं रूप नाहीच, तिथे ‘फाइंड’चीच मदत घ्यावी लागते.