मेटॅलिक भिंतीची चमक ठरते रंग वाळताना

दिवाणखान्यातली एक भिंत सोनेरी किंवा तांबूस मेटॅलिक रंगाने रंगवण्याची हौस आता गावोगावी पोहोचली आहे. ही भिंत इतर तिघींपेक्षा वेगळी का दिसते, याचं उत्तर रंगातल्या कणांच्या आकारात आहे.

साध्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक, गोलसर कण असतात. ते प्रकाश सगळीकडे सारखा विखरतात, म्हणून भिंत कुठूनही पाहिली तरी एकसारखी दिसते. मेटॅलिक रंगात असतात चपटे पापुद्रे. लांबी-रुंदी बहुधा १० ते ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जाडी एखाद्या मायक्रॉनपेक्षाही कमी. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक इवलासा आरसा. तो प्रकाश एका ठरावीक दिशेला फेकतो आणि आपण दोन पावलं सरकलो की उजळ भाग गडद होतो.

पापुद्रे ॲल्युमिनियमचे असू शकतात. पण पाण्यात मिसळायच्या रंगात उघडं ॲल्युमिनियम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन वायू सोडतं आणि बंद डबा फुगू शकतो. त्यामुळे अशा पापुद्र्यांवर सिलिकासारखा संरक्षक थर द्यावा लागतो. दुसरा मार्ग अभ्रकाचा. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे ५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) थर दिला की तो चंदेरी दिसतो, आणि थर थोडा जाड केला की सोनेरी. आणखी जाड करत गेलं की तांबडा, निळा, हिरवा. यात वेगळं रंगीत द्रव्य घातलेलं नसतं. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून काही रंग उठावदार करतात, काही पुसून टाकतात. साबणाच्या फुग्यावरचे रंगही असेच तयार होतात. भिंतीसाठीच्या सोनेरी-तांबूस छटांत बऱ्याचदा याऐवजी लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो.

हे अभ्रक येतं कुठून, हेही माहीत असायला हवं. झारखंडमधल्या कोडरमा आणि गिरिडीह भागात सोडून दिलेल्या खाणींतून अभ्रकाचे तुकडे वेचताना लहान मुलं राबतात, हे वारंवार उघड झालं आहे. भट्टीत तयार केलेलं कृत्रिम अभ्रक आज उपलब्ध आहे. एका भिंतीच्या हौसेसाठी मुलांचे हात राबू नयेत, म्हणून खरेदी करताना अभ्रक कुठलं, हे विचारायलाच हवं.

आता प्रत्यक्ष रंगकाम. ओल्या रंगात पापुद्रे वेडेवाकडे पडलेले असतात. पाणी उडून थर पातळ होऊ लागला की ते हळूहळू भिंतीला समांतर आडवे होतात. भिंतीची चमक याच काही मिनिटांत ठरते. अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा रोलर फिरवला, तर तिथले पापुद्रे उलटसुलट होऊन तसेच अडकतात आणि कायमचा पट्टा उमटतो. अनुभवी रंगारी म्हणूनच पूर्ण भिंत एका दमात करतात: एक जण कडा ब्रशने काढतो, दुसरा लगेच रोलर फिरवतो, आणि शेवटचा हात वरून खाली एकाच दिशेने देतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर पंखा बंद ठेवून सकाळी लवकर काम उरकावं, कारण तिथे रंगाची कड बघता बघता वाळते.

भिंत सपाट नसेल तर सगळी मेहनत वाया. आरशासारखे कण खालचा प्रत्येक उंचवटा दाखवतात. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपर मारून झाल्यावर रात्री दिवा भिंतीला अगदी लगटून धरा. तिरप्या प्रकाशात खड्डे सावल्यांसकट दिसतील. ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

आणि टीव्हीचा स्टँड, फ्रेमचे खिळे, विजेचे पॉइंट आधीच ठरवा. नंतर भोक बुजवून तेवढ्यापुरता रंग लावला, तर डबा तोच असला तरी ठिगळ दिसतंच. तिथले पापुद्रे वेगळ्या कोनात वाळलेले असतात. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीवर पुन्हा एक हात द्यावा लागतो.