अंडं नव्हे, पापडखार

भाचीने जपानी मिसो रामेनचं एक पाकीट आणून दिलं. आत दोनच जणांपुरते नूडल्स आणि किंमत साडेचारशे रुपये, म्हणजे आमच्याकडचे महिन्याचे पोहे आणि वर शेंगदाणे. गिरगावातून आत्या राहायला आली होती. तिने पाकीट उलटसुलट करून बघितलं. मागे मांसाहाराच्या खुणेचा तपकिरी त्रिकोण होता, नूडल्स पिवळेधमक होते. झालं, निकाल लागला. "अंडं घातलंय रे यात. नुसत्या मैद्याला हा रंग कुठनं येणार?"

प्रश्न चांगलाच होता. मी घटकांची यादी वाचली. नूडल्समध्ये गव्हाचं पीठ, मीठ आणि ५०१(i), ५००(i) असे दोन आकडे, बस. अंडं कुठेच नाही, वरून घातलेला रंगही नाही. तपकिरी त्रिकोणाचं कारण मिसोच्या, म्हणजे सूपासाठीच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या पुडीत सापडलं. तिथे सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क होता, आपल्या कुप्याच्याच गोतातला मासा. आत्याचा संशय खरा होता, फक्त चुकीच्या पुडीवर होता.

मग पिवळा रंग कुठून आला? ५०१ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, ५०० म्हणजे सोडियम कार्बोनेट. या क्षारांच्या पाण्याला जपानीत कान्सुई म्हणतात. रामेनचं पीठ त्यातच मळतात, आणि पिठाच्या साधारण एक टक्का एवढा क्षार त्याला पुरतो. चीनमध्ये लांचौच्या हाताने ओढलेल्या नूडल्ससाठी पूर्वी वाळवंटी झुडपांची राख वापरत. आपल्याकडे हीच मंडळी पापडखार या नावाने नांदतात. आत्याने मे महिन्यात चाळीच्या गच्चीवर उडदाचे पापड घालण्यात हयात घालवली आहे. तिला मी एवढंच सांगितलं, "पापडखार आहे." तिचा विश्वास बसला नाही, पण उत्सुकता चाळवली.

आता माझा आवडता भाग. गव्हात फ्लॅव्होन नावाची द्रव्यं असतात, मुख्यतः एपिजेनिनची साखर जोडलेली रूपं. मैद्यात ती थोडी, कणकेत जास्त. एरवी ती आपल्याला रंगहीन दिसतात, कारण ती जो प्रकाश शोषतात तो ३४० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील पट्ट्यात असतो आणि डोळ्याला दिसत नाही. या रेणूंच्या कार्बनी कड्यांवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात. पीठ अल्कधर्मी झालं, म्हणजे सामू ९ च्या वर गेला, की त्यातला हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून निघून जातो. ऑक्सिजनवर राहिलेला हा जादा ऋणभार एका जागी बसत नाही, शेजारच्या कड्यांमधून अख्ख्या रेणूभर पसरतो. इलेक्ट्रॉनला बागडायला जितकं मोठं अंगण, तितक्या कमी ऊर्जेच्या प्रकाशावर त्याचं भागतं. म्हणून शोषण ३९० नॅनोमीटरच्या पुढे सरकतं, जांभळ्या-निळ्या प्रकाशाला हात घालतं. पांढऱ्यातून निळं वजा झालं की उरतं ते पिवळं.

हे किचकट वाटलं तर हळद आठवा. मुका मार लागला की हळद-चुन्याचा लेप लावतात, तो लालभडक होतो. वरणाचा डाग साबणाने घासला की लाल पडतो आणि धुणारा आणखी घाबरतो. हळदीतलं कर्क्युमिन असंच हायड्रोजन सोडतं. फरक इतकाच, की ते मुळात निळा प्रकाश खात असतं, म्हणजे पिवळ्यापाशीच उभं असतं. तिथून एक पायरी सरकलं की लाल. गव्हाचे फ्लॅव्होन रंगहीन पायरीवर असतात, ते सरकले की पिवळे. जिना एकच.

याच जिन्यावर काही भोंदूंनी दुकानं मांडली आहेत. कावीळ 'उतरवणारा' बाबा आधी रोग्याच्या हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळतो आणि मग चुन्याच्या निवळीने हात धुतो. पिवळं पाणी ओघळतं, लोक हात जोडतात. सालीतली द्रव्यं अल्कलीत पिवळी होतात, यापलीकडे तिथे काहीही उतरत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग निरोगी माणसाच्या हातावर करून दाखवतात. दुसऱ्या टोकाला ५०० आणि ५०१ हे आकडे लाल गोलात घालून 'विष!' असं ओरडणारे फॉरवर्ड आहेत. ते पाठवणाऱ्यांच्या ताटात पापड असतोच. त्यापेक्षा मिठाकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आणि सगळं सूप प्यायलं तर रामेनचा एक वाडगा जवळपास तिथे पोहोचवतो.

क्षाराचं दुसरं काम पोताचं. ग्लूटेनच्या साखळ्यांवर गंधकाचे अणू असतात. अल्कलीत तेही हायड्रोजन सहज सोडतात आणि एकमेकांना धरतात. जाळं घट्ट होतं, म्हणून रामेन दाताखाली उसळी मारतं, शेवयांसारखं लिबलिबत नाही.

पाकिटावर लिहिलं होतं, नूडल्स वेगळ्या पाण्यात चार मिनिटं उकळा, ते पाणी फेका, सूप वेगळं करा. मी अर्थातच सगळं एका पातेल्यात केलं. मोरीत पाणी ओतणं आणि दोन भांडी घासणं, दोन्ही जिवावर येतं. सूप फसलं. मिसो म्हणजे कोजी बुरशीच्या मदतीने आंबवलेलं सोयाबीन, तब्येतीने किंचित आम्ल. नूडल्समधून सुटलेल्या कार्बोनेटने ते आम्ल मारलं आणि चव साबणाकडे झुकली. सव्वादोनशे रुपये शिकवणीत गेले.

उरलेले नूडल्स मुकाट्याने सांगितल्याप्रमाणे उकळले. खालचं पाणी पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागत होतं. ते स्टीलच्या वाटीत घेऊन चिमूटभर हळद टाकली. दुसऱ्या वाटीत नळाचं पाणी आणि तेवढीच हळद. नळाचं पिवळं राहिलं, नूडल्सचं विटकरी झालं. आत्या चष्मा लावून जवळ आली. लिंबाचे चार थेंब पिळले, विटकरी रंग पुन्हा पिवळा झाला. "हे मघाशीच का नाही दाखवलंस?" ती म्हणाली.

सूप या खेपेला खरंच छान झालं. हे नूडल्स तळून नव्हे, हवेवर सुकवलेले होते, म्हणून वेळ जास्त लागतो. १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी जे झटपट रामेन बाजारात आणलं ते तळलेलं होतं. तळताना पाण्याची वाफ उडून बारीक छिद्रं पडतात, पुढे त्यातूनच गरम पाणी झपाट्याने आत शिरतं. सुकवलेल्यांत ती छिद्रं कमी, पण चावा अस्सल. आत्याने सूपाला हात लावला नाही. नुसते नूडल्स घेतले, वर तूप आणि मेतकूट, आणि म्हणाली की खार किंचित जास्त पडलाय.

आता कान्सुई घरी करायचा बेत आहे. खाण्याचा सोडा भाजला की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून कार्बोनेट उरतं. हिशोबाने १०० ग्रॅमचे ६३ ग्रॅम व्हायला हवेत. काल तव्यावर ५० ग्रॅम भाजला आणि काट्यावर ठेवला, ३४ भरले. साडेएकतीस यायला हवे होते. आज परत तवा चढवतो.